आत घेतलेला माणूस

"बाई, 'टेक इन' म्हणजे काय हो?"

फौजदार काटकरांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मला नववीच्या इंग्रजीच्या तासावरून बोलावून आणलं होतं आणि माझ्या बोटांना अजून खडू होता. मुख्याध्यापक आपल्याच खोलीत परक्यासारखे कोपऱ्यात उभे होते. शाळेत पोलीस आले की कुठल्या तरी मुलाने काहीतरी केलेलं असतं, एवढाच आमचा अनुभव.

"कशाबद्दल विचारताय?" मी म्हटलं.

"ते नंतर. आधी अर्थ सांगा."

"असा सुटा सांगता येत नाही. बरेच अर्थ आहेत. फसवणे असाही एक आहे."

"झालं!" काटकरांनी टोपी टेबलावर ठेवली. "मला एवढंच पाहिजे होतं."

"थांबा ना. आसरा देणे, घरात ठेवून घेणे, असाही होतो."

काटकर माझ्याकडे बघतच राहिले. साताऱ्याकडचा माणूस, आमच्या खाडीकाठच्या गावात येऊन दोन वर्षं झाली होती. हुशार होते आणि संशयी होते. गावात लोक म्हणत, काटकर आपल्या सावलीलाही नाव-गाव विचारतात.

"एकाच शब्दाला? घरात घेतलं तरी तेच आणि टोपी घातली तरी तेच?"

"पुढचंमागचं वाक्य बघून कळतं."

"मग हे वाक्य बघा."

जिल्ह्याहून वायरलेसवर आलेला निरोप त्यांनी समोर ठेवला. इंग्लंडमधल्या जून हॉलिस नावाच्या बाईची तक्रार होती. तिचे वडील ब्रायन हॉलिस, वय एकाहत्तर, चार महिन्यांपूर्वी भारतात फिरायला म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्या गावातल्या एसटीडी बूथवरून तिला फोन केला. एका बाईने मला 'टेकन इन' केलंय, एवढं ते म्हणाले आणि लाइन तुटली. मुलीची खात्री होती की वडिलांना कोणीतरी जाळ्यात ओढलंय.

"तिची मायबोली इंग्रजी," काटकर म्हणाले. "तिने फसवलं असा अर्थ लावला. तुम्हाला वेगळा लावायचाय?"

"तिने फोनवर ऐकलं. मी तेही ऐकलेलं नाही."

"म्हणून तर न्यायला आलो. म्हातारा द्वारका तारीच्या घरात आहे. तुम्ही त्याच्याशी बोला. तिने पदरात घेतलं की पदरात पाडून घेतलं, एवढंच मला सांगा."

मी मूळची सांगलीची. त्या गावात मला पाच वर्षं झाली होती. मालवणी कानाला ओळखीची झाली होती, जिभेला नाही. द्वारकाकाकीला मात्र सगळेच ओळखत. नवरा खाडीत तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सुकी मासळी विकायची, आणि तोंडाने फटकळ. तिच्या घरी एक गोरा म्हातारा उतरलाय हे दिवाळीनंतर गावभर झालं होतं. सुरुवातीला तो खाडीवर काठी टेकत फिरताना दिसायचा. पुढे दिसेनासा झाला. कोणी विचारलं तर काकी सांगायची, गोव्याक गेलो, म्हणजे गोव्याला गेला. पण बाजारात ती मोसंबी घेताना मी स्वतः पाहिली होती. सुक्या बोंबलांच्या पैशांवर जगणारी बाई एकटीसाठी मोसंबी घेत नाही. लोक कुजबुजत, गोऱ्याचं घबाड लागलंय हिच्या हाती. खरं सांगायचं तर जीपमध्ये बसताना माझाही कौल मुलीच्याच अर्थाला होता.

घर खाडीच्या अगदी टोकाला. भर दुपारी सगळ्या खिडक्या लावलेल्या. काकी दारातच बसून मासळीची पाटी झाकत होती. जीप पाहून उठली आणि चौकटीत उभी राहिली. दोन्ही हात दोन्हीकडे टेकलेले.

"पाहुणा कुठाय तुझा?" काटकरांनी विचारलं.

"गोव्याक गेलो."

"कधी?"

"झाले आठ-पंधरा दिस."

आतून कोणीतरी खोकलं. कोरडा, लांबलेला खोकला. काकीचा चेहरा हलला नाही. काटकरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"सर बाजूला."

ती सरली, पण आम्ही आत जाण्याआधी तीच पुढे होऊन माजघरातल्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

खाटेवर म्हातारा उशाला टेकून बसला होता. खाडीवर पाहिलेला माणूस तो हाच, हे मला पटायला वेळ लागला. गाल आत गेलेले, मनगटं काठीसारखी. दाढी मात्र स्वच्छ केलेली होती आणि अंगातला सदरा धुतलेला. उशाशी स्टुलावर पितळी पेला, त्यात काळपट काढा. खोलीत त्याचा कडवट वास भरून राहिला होता.

मी इंग्रजीत नाव सांगितलं, पोलीस का आले तेही सांगितलं. त्याने नम्रपणे मान हलवली.

"विचारा," काटकर म्हणाले, "तोच शब्द वापरून विचारा. या बाईने तुम्हाला टेक इन केलं का?"

मी विचारलं. म्हातारा हसला. हसताना त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "यस. ओ यस, शी डिड."

"हो म्हणाला!" काटकर म्हणाले. "हे तर मलाही कळलं."

"तो कुठल्या अर्थाने म्हणाला ते विचारू द्या ना." मी पुन्हा, सरळ शब्दांत विचारलं, "या बाईंनी तुम्हाला फसवलंय का? तुमच्या मुलीला तसं वाटतंय."

आता तो हसला नाही. "जूनने काय काय सांगितलंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"तुम्ही आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"ती येणार आहे का इथे?"

"मिस्टर हॉलिस, फसवलंय की नाही?"

"नाही," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, काकीकडे पाहिलं. मी वर्गात उभी राहणारी बाई. दुसऱ्याकडे बघून दिलेलं उत्तर म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

"पासपोर्ट कुठाय विचारा."

"तिच्याकडे आहे," म्हातारा म्हणाला. "मीच दिला."

"का?"

"ते तिच्या-माझ्यातलं आहे."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा काटकरांनी हात पुढे केला. काकीने काही न बोलता कनवटीची किल्ली काढली, ट्रंक उघडली, तिच्यातून पत्र्याचा डबा काढला आणि डब्यातल्या तांदळात हात खुपसून पासपोर्ट बाहेर ओढला. दाण्यांसकट काटकरांच्या हातात ठेवला.

"तांदळात?" काटकर म्हणाले. "कशाला पुरून ठेवला होतास?"

"कोणाच्या हाताक लागू नये म्हणान."

"कोणाच्या? त्याच्या?"

ती गप्प. एरवी बाजारात चार आण्यांसाठी चार माणसांना ऐकवणारी बाई, आणि तोंड असं मिटून उभी होती की मलाच अवघडल्यासारखं झालं. काही लपवायचं नसेल तर माणूस ओरडतं, आकांडतांडव करतं. ही नुसती उभी.

काटकरांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या विजारीवर गेली. त्यांनी ती खाली काढून कंबर उलटी केली. आतल्या बाजूला हातशिलाईच्या तीन रांगा होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, आणि तिसरीचा दोरा अजून नवा कोरा.

"हे कोणी केलं?"

"मी. सैल झाली, म्हणान आत घेतलंय."

"तीनदा?"

"सैल झाली तेवढ्यांदा."

काटकरांनी विजार खाटेच्या पायथ्याशी टाकली. पेला उचलून हुंगला, माझ्या नाकाशी धरला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, आता तुमचा शब्द राहू द्या. माणूस बघा. चार महिन्यांत निम्मा झालाय. कंबर तीनदा आत घ्यावी लागली. खिडक्या बंद. पासपोर्ट कुलपात. आल्यागेल्याला सांगायचं गोव्याला गेला. आणि रोज हे काळं पाणी पाजायचं. मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

 मी त्यांच्या जागी नव्हते, तरी तेच समजत होते.

"काढा कशाचा?" त्यांनी काकीला विचारलं.

"वैद्याचो."

"कुठल्या वैद्याचा? कशावर?"

ती म्हाताऱ्याकडे बघून म्हणाली, "मी सांगूचंय नाय."

"सांगणार नाहीस?"

"नाय."

"मग ठाण्यात सांग. चल, जीपमध्ये बस. आणि यांना इस्पितळात हलवायची व्यवस्था मी करतो."

मी हे म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगायला वळले. त्याचे डोळे आधीच मोठे झाले होते. ठाणं आणि इस्पितळ हे शब्द त्याला न सांगता कळले असावेत. "नो हॉस्पिटल," तो म्हणाला. "प्लीज. तिला काही करू नका. मी सांगतोय ना, तिने काही केलेलं नाही."

"मग काय चाललंय इथे, ते सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हीही बोलत नाही आणि त्याही बोलत नाहीत. आम्ही काय समजायचं?"

त्याने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

काकी आत गेली, लुगडं ठीकठाक करून आली. रडली नाही की गयावया केली नाही. चुलीवरचं भांडं झाकलं. मग सरळ माझ्यापाशी आली.

"बाई, तुमी रवतास मगे हय? त्याका पेज घालूक व्हयी. गरम नको, कोमट. निजलेल्याक भरवू नकात, ठसको लागता. उठवून पाठीक उशी लावा, मगे घाला. नको म्हणतलो. तरी चार चमचे घाला."

मी मागे राहून त्याला पेज भरवावी, एवढं सांगून ती बाहेर पडली. मी त्या खोलीच्या मधोमध उभी राहिले. विष घालणारी बाई जाता जाता पेज कोमट द्या म्हणून सांगते? की सांगते ती मलाच दाखवायला? मला दोन्ही खरं वाटत होतं आणि दोन्ही खोटं. बाहेर जीप चालू झाली.

तेवढ्यात खाट करकरली.

म्हाताऱ्याने पाय खाली टाकले होते. मी धरायला गेले तर त्याने माझा हात दूर केला. भिंतीला हात लावत तो उठला आणि एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाला. उंबऱ्यापाशी चौकट दोन्ही हातांनी धरली. काकी जीपमध्ये चढत होती. तिने त्याला पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"अरे, उठलंस कित्याक! पडशीत मरे!"

तो काकीशी बोलला नाही. माझ्याकडेही वळला नाही. काटकरांकडे बघून तो बोलला, आणि जे बोलला ते इंग्रजीत नव्हतं.

"माका बरा नाय," तो म्हणाला. एकेक शब्द वेचून काढावा तसा. "पोटात गाठ असा. कॅन्सर. मी मरतलंय. तिका म्हायत असा. मी सांगलंय तिका, कोणाक सांगू नको. तिका सोड."

ड्रायव्हरने जीप बंद केली.

काकी धावत आली आणि त्याला काखेत हात घालून पायरीवर बसवलं. "कित्याक सांगलंस?" ती त्याच्यावर ओरडत होती. "मी जाऊन इली असती संध्याकाळपर्यंत. कित्याक सांगलंस रे?" आणि आता ती रडत होती.

मग त्या पायरीवर बसूनच त्याने मला इंग्रजीत सगळं सांगितलं आणि मी ते काटकरांना सांगितलं. आजार त्याला तिकडेच कळला होता, निघण्यापूर्वी. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. त्याच्या बायकोचं आजारपण तीन वर्षं चाललं होतं आणि ते सगळं जूनने काढलं होतं. त्या तीन वर्षांत तिची नोकरी गेली, संसारही मोडला. आता पुन्हा तेच तिच्या वाट्याला द्यायचं नाही, म्हणून फिरायला जातो सांगून तो निघाला. गोव्यात एखादं हॉटेल बघायचं आणि गुपचूप संपायचं, असं त्याच्या मनात होतं. वाटेत तो इथे उतरला आणि दिवाळीनंतरच्या उन्हात खाडीकाठी फिरताना पोटात कळ आली. समोर दिसलेल्या दारात त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन तो याच पायरीवर बसला आणि त्याला उठताच येईना.

"यांना कसं कळलं, कसला आजार ते?" मी विचारलं.

त्याने काकीकडे बोट केलं. मी काकीला विचारलं.

"माझ्या घोवाक ह्याच झालला," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "तोंडाचो रंग बघलंय आणि समाजलंय. पाणी घोटूची तऱ्हाव तीच. कोणी सांगूक कित्याक व्हया?"

काढा तळवड्याच्या वैद्याचा, दुखणं जरा बोथट करणारा. पासपोर्ट म्हाताऱ्यानेच लपवायला दिला होता. तो कोणाच्या हाती लागला तर आपल्याला उचलून परत पाठवतील, ही त्याला भीती. खिडक्या बंद, कारण खोकला रस्त्यावर ऐकू जायचा. आणि फोन? चार महिने मुलीचा आवाज ऐकला नव्हता, राहवलं नाही, म्हणून काकीने त्याला अंधार पडल्यावर आधार देत बूथवर नेलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. काळजी करू नकोस, एका बाईने मला घरात ठेवून घेतलंय, एवढंच तो म्हणाला होता.

 काटकरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"परदेशी माणूस घरात ठेवला तर ठाण्यात कळवायचं असतं, एवढंही ठाऊक नाही का तुला?" ते अखेर काकीला म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"कळवलं असतं तर तुमी ठेवूक दिलं असतंत?"

काटकरांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. ते माझ्याकडे वळले. "बाई, वर उत्तर पाठवायचंय. काय लिहू?"

म्हातारा लगेच म्हणाला, "लिहा की मी मजेत आहे."

मी ते मराठीत सांगितलं. काटकरांनी मान हलवली. "त्यांना सांगा, लपवाछपवी घरात चालते, ठाण्यात चालत नाही. मुलगी तिकडे बापाला कोणी लुबाडलं म्हणून जीव टाकतेय. तिला खरं कळलं पाहिजे. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल."

मी हे इंग्रजीत सांगितलं. म्हातारा खाडीकडे बघत राहिला. भरती लागली होती. मग त्याने हळूच मान डोलवली.

उत्तराचा मजकूर मीच लिहिला. फसवलेलं नाही, घरात घेतलेलं आहे, वडील आजारी आहेत, लवकर या. 'टेक इन' हा शब्द मी त्यात कुठेही येऊ दिला नाही.

जून आली तेव्हा काटकर तिला माझ्या घरी घेऊन आले आणि मी तिच्याबरोबर खाडीवर गेले. चाळिशीची, उंच, केस आखूड कापलेली बाई. प्रवासाने थकलेली होती, पण थकव्यापेक्षा राग जास्त होता. वाटेत तिने मला एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली. या बाईचा यात काय फायदा? माझे वडील तिला काय देतात? काही कागदावर सही केलीय का त्यांनी? मी नाही म्हटलं तर तिला माझाही संशय आला. तुम्ही तिच्या नात्यातल्या का, असंही तिने विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा म्हाताऱ्याचा नुकता डोळा लागला होता. काकीने ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला ओट्यावरच बसवलं. जूनला ते आवडलं नाही. स्वतःच्या बापाला भेटायला तिला परक्या बाईची परवानगी लागत होती. तरी ती बसली. काकी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तिला विचारा," जून मला म्हणाली. "शब्दन् शब्द विचारा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तिने घरात का घेतलं? तिला काय हवं होतं?"

मी शब्दन् शब्द विचारलं. मऊ केलं नाही.

मला वाटलं, काकी भडकणार. बाजारातली काकी असती तर तिने जूनच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण ती विचार करत राहिली, कोणी पहिल्यांदाच विचारावं तशी. मासळीच्या वासाचे हात तिने पदराला पुसले.

"घोव गेल्यार घर गप झालला," ती म्हणाली. "भांड्याचो आवाज करीन तो माझोच. ह्यो इलो, खोकाक लागलो. रातीक जाग येता, ह्यो खोकता. वाटता, घरात कोणतरी असा. माका ताच व्हया होता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. नवरा गेल्यावर घर मुकं झालं होतं. भांडं वाजलं तरी आवाज माझाच असायचा. हे आले आणि खोकायला लागले. रात्री जाग येते, हे खोकत असतात आणि वाटतं, घरात कोणीतरी आहे. मला तेवढंच हवं होतं. एकही शब्द मी गाळला नाही.

 जून काकीकडे बघत होती आणि काकी तिच्याकडे. दोघींपैकी कोणीच नजर खाली घेतली नाही.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. दोघी एकदमच उठल्या.